दोघांनी चालवलेली गाडी

ऑक्टोबरचं ऊन तापू लागलं की माझ्या नखांना अजून रॉकेलचा वास येतो. वास येण्याचं काही कारण उरलेलं नाही. आता महाडात मुलाच्या घरी दुसऱ्या मजल्यावर राहते, स्वयंपाक गॅसवर होतो आणि हातात फार तर पुस्तक असतं. तरी गच्चीवर उभी राहिले, सावित्री नदीकडून गरम वारा आला आणि त्यात कापलेल्या भाताचा, ओल्या पेंढ्याचा वास असला, की मी नकळत बोटं नाकाशी नेते. मग हसू येतं. मग थोडा रागही येतो. तो हंगाम माझ्यासाठी रागाचाच हंगाम होता, आणि तो राग मला अजून प्रिय आहे.

ऐंशीच्या दशकाचा मधला काळ. दासगावला आमचं सासरचं घर होतं आणि घरामागे पेंढा ठेवायचा मांगर. त्या मांगरात, पेंढ्याच्या गंजीला लागून, प्लास्टिकच्या कागदाखाली एक जपानी गाडी उभी होती. दोन दारांची, बुटकी, लांब नाकाची, लाल. ती माझ्या नवऱ्याची, इकबालची. त्या काळी मी त्याला नावानं हाक मारत नव्हते, आमच्यात तशी पद्धत नव्हती. आता तो नाही, आणि लिहिताना 'हे' आणि 'ह्यांनी' करत बसले तर तो मला माझा वाटत नाही. म्हणून नावच लिहिते.

इकबाल आखातात एका गॅरेजमध्ये मेकॅनिक होता. दासगावातल्या निम्म्या घरांतला एकेक पुरुष तिकडे होता, तसाच तोही. ती गाडी अपघातात चेपलेली होती. त्यानं ती मालकाकडून घेतली आणि सुट्टीच्या दिवशी राबून उभी केली. नुसती उभी केली नाही, तिचा टर्बो काढून मोठा बसवला. टर्बो म्हणजे काय ते त्यानं मला एका सुट्टीत चुलीपुढे बसून समजावलं होतं. गाडीचा धूर वाया जातो, तो जाताना एक पंखा फिरवतो, तो पंखा बाहेरची हवा दाबून इंजिनात कोंबतो. जास्त हवा, जास्त पेट्रोल, जास्त जोर. "फुकणीसारकं गो," तो म्हणाला होता. तिकडच्या मोकळ्या रस्त्यांवर ती गाडी कशी पळते ते सांगताना त्याचे डोळे असे काही व्हायचे, की मला त्या गाडीचा हेवा वाटायचा.

मग त्याचा उजवा हात पट्ट्यात गेला. इंजिन चालू असताना पंख्याच्या पट्ट्यानं हात ओढला. अंगठा राहिला, बाकीची बोटं गेली, मनगट कायमचं ताठरलं आणि कोपराखाली जोर राहिला नाही. तो घरी आला. मागाहून काही महिन्यांनी गाडीही आली. गॅरेजातल्या दोस्तांनी ती बोटीवर चढवून दिली होती. मुंबईहून कुणी ओळखीच्या ड्रायव्हरनं ती दासगावात आणून सोडली आणि इकबालनं तिच्याकडे न बघताच ती मांगरात लावायला सांगितली. वर प्लास्टिक टाकलं. त्यावर तीन पावसाळे गेले.

त्या तीन वर्षांत इकबाल हात रुमालात गुंडाळून खिशात ठेवायचा. सासऱ्यांनी, म्हणजे अब्बांनी, त्याला आमच्या किराणा दुकानात बसवलं. वाईट हेतूनं नाही. पोराला बसून करता येईल असं काम द्यावं, एवढंच त्यांच्या मनात होतं. तो सकाळी जायचा, गल्ल्यामागच्या स्टुलावर बसायचा, संध्याकाळी यायचा. गिऱ्हाईकाला पुडी बांधून द्यायला दुसरा माणूस होता. इकबाल फक्त बसायचा. मी गावातल्या मराठी शाळेत शिकवत होते. दुपारच्या सुट्टीत दुकानावरून जाताना तो मला दिसायचा. कुणी ठेवून गेलेल्या सामानासारखा दिसायचा. गाडी आणि तो, दोघांवर एकच प्लास्टिक पडलं होतं असं मला वाटे, आणि ते ओढून काढायचं कसं ते मला कळत नव्हतं.

ते काढायला निमित्त झाला माझा धाकटा दीर, हनीफ. त्याचा एक ट्रक होता, मुंबई-गोवा रस्त्यावर धावायचा. गाडी सडून चालली आहे, विकून टाकावी, असं त्यानं अब्बांच्या कानी घातलं. अब्बांना ती गाडी मनहूसच वाटायची. पाऊस उघडला आणि हनीफ मुंबईहून एक गिऱ्हाईक घेऊन आला. जाडसर माणूस, अंगाला अत्तराचा वास. त्यानं प्लास्टिक वर केलं, टायरला बुटानं ठोकलं, बॉनेट उघडायला लावलं आणि इंजिन तेवढं काढून नेतो म्हणाला. बाकी भंगार. इकबाल मांगराच्या दारात उभा होता. त्या माणसानं त्याच्या खिशातल्या हाताकडे पाहिलं आणि बोलता बोलता, अगदी सहज म्हणाला, "तुम्हाला तशी पण काय कामाची हाय?"

मी चहाचा ट्रे घेऊन आले होते. बायकांनी अशा वेळी चहा ठेवून आत जायचं असतं. मी ट्रे पेंढ्यावर ठेवला आणि म्हणाले, "विकायची नाय."

हनीफ म्हणाला, भाभी, तुम्ही मध्ये पडू नका. मी म्हणाले, गाडी माझ्या नवऱ्याची आहे, त्यानं विकतो म्हटलं तर विका. आणि मी इकबालकडे पाहिलं. तो जमिनीकडे बघत होता. नाही म्हणाला नाही, पण हो सुद्धा म्हणाला नाही. गिऱ्हाईक चहा न पिता गेलं.

मग घरात इकबाल माझ्यावर भडकला. तीन वर्षांत प्रथम त्याचा आवाज चढला, आणि खरं सांगते, मला बरं वाटलं. ती चालवणार कोण, असं तो मला विचारत होता. ह्या हातानं पाना धरता येत नाय, तिथं गेर कोण टाकणार? आणि का चालवायची? लोकांना तमाशा दाखवायला?

"आधी सुरू तर होऊ दे," मी म्हणाले. "पाना मी धरते."

तसा हंगाम सुरू झाला. शेतात भात पिवळं पडत होतं, कापणीला माणसं जमत होती आणि मी शाळा सुटली की साडीवर इकबालचा जुना शर्ट चढवून, पदर खोचून मांगरात शिरत होते. पेंढ्यात कोंडलेली उष्णता, घाम, वर पत्र्याचा चटका. इकबाल दुकानातून लवकर निघायला लागला. सुरुवातीला तो दारातूनच सांगायचा, हे खोल, ते खोल. मी पाना उलटा फिरवायचे. तो चिडायचा. तिसऱ्या-चौथ्या दिवशी तो माझ्या शेजारी येऊन वाकला आणि बोल्ट दाखवायला त्यानं खिशातला हात बाहेर काढला. रुमाल गळून पडला. अंगठा त्यानं बोल्टावर टेकवून दाखवला. मी हाताकडे बघितलं नाही, बोल्टाकडे बघितलं. रुमाल तिथंच पेंढ्यात पडून राहिला आणि आम्ही कुणीच तो उचलला नाही.

बंद पडून राहिलेली गाडी म्हणजे काय, ते मला तेव्हा कळलं. ती जिथल्या तिथं थांबलेली नसते, आतून हळूहळू चिकटत जाते. टाकीतलं पेट्रोल आटून वार्निशसारखं झालं होतं, त्याच्या वासानं डोकं दुखायचं. हवेच्या डब्यात उंदरानं भाताच्या तुसाचं घरटं केलं होतं. वायरी कुरतडलेल्या. क्लचची प्लेट गंजानं चिकटून बसली होती. इकबालनं मला क्लच दाबून त्यात लाकडाचा दांडका अडकवून ठेवायला सांगितलं आणि आम्ही तशीच सोडून दिली. एका सकाळी मी अंगण झाडत असताना मांगरातून 'टक्' असा आवाज आला. मी झाडू टाकून पळाले. क्लच सुटला होता. इकबाल दात घासत बाहेर आला, त्यानं माझं तोंड पाहिलं आणि तो हसला. तोंडाला सगळा फेस. मला तो हसल्याचं इतकं नवल वाटलं, की मी क्लचचं सांगायचंच विसरले.

इंजिन जखडलं होतं. प्लग काढून आम्ही आत तेल सोडलं आणि रोज दोघं मिळून मोठ्या पान्यानं ते फिरवायचा प्रयत्न करायचो. त्याचा डावा हात, माझे दोन. रोज इंजिन नाही म्हणायचं. असं कितीतरी दिवस. मग एकदा ते केसभर हललं, आणि इकबाल खाली बसला, पाठ चाकाला टेकवून. मी पण बसले. बाहेर झोडणीचा आवाज येत होता, भाताच्या पेंढ्या फळीवर आपटल्याचा.

टर्बो मात्र त्यानं मला एकटीला दिला. खोलून, रॉकेलात बुडवून ठेवलेला. आतला पंखा जळक्या तेलानं घट्ट बसला होता. मी जुन्या दातांच्या ब्रशानं, काडीला चिंधी गुंडाळून, त्याचं एकेक पातं घासत बसले. पाती इतकी पातळ की भीती वाटायची. "आता फिरव," तो म्हणाला. मी करंगळी लावली. पंखा फिरला, आवाज न करता, आणि मी बोट काढलं तरी फिरत राहिला. ती बोटभर गोष्ट गाडीला घाटात वर ओढून नेते, यावर माझा विश्वास बसेना.

आज प्रत्येक साध्या डिझेल गाडीत टर्बो असतो. माझ्या नातवाला हे सगळं सांगितलं की तो विचारतो, दादी, त्यात एवढं काय? मी मुलाच्या गाडीत असले की वीर स्टेशनवरून येणारे रिक्षावालेही हॉर्न वाजवत ओव्हरटेक करतात. मुंबई-गोवा रस्ता रुंद झाला, त्यावरच्या घाटाला बोगदा झाला. खरंच, त्यात एवढं काय? पण नातवाला हे सांगता येत नाही, की त्या काळी दासगावात एखाद्या मास्तरणीनं नवऱ्याचा शर्ट घालून गाडीखाली झोपणं ही केवढी गोष्ट होती.

कारण गाव बघत होतं. विहिरीवर बायका मला विचारायच्या, नवऱ्याला काय पोसतेस का आता? मशिदीबाहेर कुणी अब्बांना टोचलं. शाळेत तर एका पालकानं तक्रारच केली, बाईंची नखं काळी असतात, पोरांना काय वळण लागणार. हेडबाईंनी मला बोलावलं. सुशीलाबाई जाधव त्यांचं नाव. बौद्धवाडीत राहायच्या, करड्या शिस्तीच्या, आम्ही सगळ्याच त्यांना घाबरायचो. त्यांनी माझे हात पुढे करायला लावले, उलटसुलट पाहिले आणि म्हणाल्या, "माझी आई चवदार तळ्यावर पाणी प्यायला गेली तेव्हा गरोदर होती. तिला कुणी जा म्हटलं नव्हतं. घरातल्यांनीसुद्धा नाही." मग हजेरीपट माझ्याकडे सरकवत म्हणाल्या, "लिंबानं घासा. जेवढं निघेल तेवढं निघेल. बाकी राहू द्या."

मी लिंबानं घासलं नाही.

गाडी सुरू झाली ती एका दुपारी, साधीच. आधी खोकली, पांढरा धूर सोडला, मांगरातल्या कोंबड्या उडाल्या, मग तिनं आवाज धरला. तो आवाज पायातून वर यायचा. गल्लीतली माणसं कुंपणापाशी गोळा झाली. अब्बा ओटीवरून उठले नाहीत.

चालवायचं कसं, हा प्रश्न उरला होता. गाडी आखातातली, म्हणून स्टिअरिंग डावीकडे. ड्रायव्हर डावीकडे बसतो आणि गिअर त्याच्या उजव्या हाताला येतो. इकबालनं त्या हातानं गिअर ओढून बघितला. ताठ मनगट, अंगठा घसरला. पुन्हा ओढला. त्याच्या कपाळावर घाम आला. मी बाजूला, उजवीकडच्या सीटवर बसले होते. गिअर माझ्या डाव्या हाताजवळ होता. मी त्यावर हात ठेवला.

इकबालनं माझ्याकडे पाहिलं. क्लच दाबला. "एक," तो म्हणाला. मी टाकला.

तसं आम्ही अंगणात शिकलो, मग गावाच्या रस्त्यावर. तो पाय आणि स्टिअरिंग सांभाळायचा, आकडा बोलायचा, मी गिअर टाकायचे. पुढे आकडा बोलायचीही गरज उरली नाही. त्याचा डावा गुडघा हलला की माझा हात हलायचा. लग्नाला तोवर आठ-नऊ वर्षं झाली होती, त्यातली निम्मी तो तिकडे आणि मी इकडे. एकमेकांच्या इतक्या जवळ आम्ही त्याआधी कधी राहिलो नव्हतो, हे मला त्या गाडीत कळलं.

पहिल्यांदा आंबेनळी घाट चढायला निघालो तेव्हा फजिती झाली. पोलादपूरपर्यंत छान गेलो. घाट लागला, इकबालनं पाय दाबला, टर्बोची शिट्टी सुरू झाली आणि लगेच इंजिनात कुणी डब्यात खडे घालून हलवावेत तसा आवाज यायला लागला. इकबालनं ताबडतोब पाय काढला. त्या ठोक्यानं इंजिन फुटतं, तो म्हणाला. आम्ही उलट फिरलो. उतारावर गाडी बंद पडली ती पोलादपुराच्या नाक्यावरच, चहाच्या टपऱ्यांपुढे, आणि हनीफचा ट्रक बोलवावा लागला. त्यानं दोर बांधला. काही बोलला नाही, हे त्याचे उपकार. टपरीवरची माणसं मात्र हसत होती. एकानं मोठ्यानं विचारलं की ही गाडी हाय का नवरा-बायकोची कुस्ती? दासगावापर्यंत मी मान ताठ ठेवून बसले. रडायला आलं होतं, पण ते मी त्या माणसांना दाखवणार नव्हते.

घरी येऊन इकबालनं मला समजावलं. गाडीचा जोर त्यानं तिकडच्या पेट्रोलावर लावला होता. आपल्या पंपावरचं पेट्रोल तिला हलकं पडतं, ते वेळेआधी पेटतं, म्हणून ठोका. मग काय करायचं? जोर उतरवायचा. हे बोलताना त्याचा आवाज बसला. मोठा टर्बो, सगळी हौस, सगळी त्या मोकळ्या रस्त्यांवरची शान, ती आपल्याच हातानं कमी करायची. एक रात्र तो त्यावर विचार करत राहिला असावा. सकाळी म्हणाला, "तिकडचा जोर हिकडं चालायचा नाय. पण चढंल ती. मी चढवीन."

मग आमचं खरं काम सुरू झालं. जास्तीचा धूर बाहेर सोडणारी एक झडप असते, तिची दांडी थोडी फिरवायची. ठिणगीची वेळ थोडी मागे न्यायची. मग रस्त्यावर जायचं, चढण शोधायची, ऐकायचं, परत यायचं, पुन्हा फिरवायचं. मी लांब स्क्रू-ड्रायव्हरचं टोक इंजिनाला आणि मूठ कानाला लावून ऐकायचे. खडे ऐकू येतात का? आले. आता? थोडे. आता? शिजणाऱ्या भातासारखा आवाज येतोय. "ते चालंल," तो म्हणायचा. किती वेळा फिरवलं ते मोजलं नाही. कापणी संपून शेतं मोकळी झाली होती, पेंढा मांगरात परत आला होता आणि आम्हाला गाडी बाहेर फणसाखाली लावावी लागत होती. अब्बा एकदा तिथून जाताना थांबले, इकबालला म्हणाले, दुकानात ये, तिकडं हिशोब थांबलाय. इकबाल म्हणाला, येतो. पण गेला नाही.

दुसऱ्यांदा निघालो तो रविवार होता. पोलादपूरच्या नाक्यावर तीच माणसं, त्याच टपऱ्या, आणि त्या दिवशी एक हवालदारही. त्यानं आम्हाला थांबवलं. खिडकीतून आत वाकून बघितलं. इकबालचा हात, माझा गिअरवरचा हात.

"गाडी कोण चालवतंय?" त्यानं विचारलं.

इकबालनं काही बोलायच्या आधीच मी म्हणाले, "आम्ही."

हवालदार म्हणाला, गाडी एका माणसानं चालवायची असते. मी म्हणाले, तुमच्या एसटीलाही ड्रायव्हर आणि कंडक्टर दोघं लागतातच की. टपरीवर कुणीतरी हसलं, या वेळी हवालदाराला. त्यानं इकबालला विचारलं, घाटात जमेल का? इकबालनं सरळ त्याच्या डोळ्यात बघितलं आणि म्हणाला, "बसा मागं. बघा." हवालदार बसला नाही. शिट्टी खिशात टाकून त्यानं हातानं जा म्हटलं.

घाट लागला. इकबालनं पाय दाबला. मी कान ताणून बसले होते, खडे येतील म्हणून. शिट्टी आली, बारीक, वर चढत गेली, आणि गाडीनं पाठीत धक्का देऊन उडी घेतली. खडे नव्हते. दोन. तीन. वळण, पुन्हा दोन. खाली पोलादपूर लहान होत गेलं, सावित्रीचं खोरं, त्यात कापलेल्या शेतांचे पिवळे चौकोन. आमच्यापुढे दोन ट्रक रांगत होते. इकबालनं एकाला मागे टाकलं, मग दुसऱ्याला. तो मोठ्यानं काहीतरी म्हणत होता, ते इंजिनाच्या आवाजात मला ऐकू आलं नाही आणि मी पुढेही कधी विचारलं नाही. वारा गार व्हायला लागला. वरच्या वळणावर आम्ही गाडी थांबवली. इंजिन बंद केल्यावर इतकी शांतता झाली, की तापलेलं लोखंड गार होताना कडकड वाजतं ते ऐकू येत होतं. इकबाल बराच वेळ स्टिअरिंग सोडेना. मग म्हणाला, "आली गो." एवढंच.

पुढे त्यानं पोलादपुरात गॅरेज घातलं, ट्रकची, जीपची कामं घेतली, हाताखाली माणसं ठेवली. ती लाल गाडी काही वर्षांनी आम्ही विकली, चालती, आम्हाला हवी तेव्हा, आम्हाला आवडलेल्या माणसाला. पण ते सगळं नंतरचं. त्या रविवारी आम्ही उतरून दासगावात आलो तेव्हा उन्हं कलली होती. अब्बा ओटीवर बसले होते.

"कुठवर गेलेलात?" त्यांनी विचारलं.

"वरपर्यंत," इकबाल म्हणाला.

अब्बांनी मान हलवली. मग म्हणाले, "उद्या दुकान लवकर उघडायचं हाय. माल येणार हाय."

"मी नाय येणार, अब्बा. उद्या पण नाय आणि परवा पण नाय."

मी दारातच थांबले. आत जाववेना. अब्बा टोपी काढून डोकं खाजवत राहिले. मग तीन वर्षांत पहिल्यांदाच त्यांनी इकबालच्या तोंडाकडे नीट पाहिलं आणि कुरकुरत म्हणाले, "मग त्या स्टुलावर दुसरा कोणतरी बघाया लागंल."

"बघा," इकबाल म्हणाला, आणि हात धुवायला विहिरीकडे गेला.